तीन करवंट्यांतली काकडी

"राहीबाई, महिनाअखेर खोली खाली करा," घरमालकीण पुतळाकाकी आईला म्हणाल्या. "तुमच्या भांड्यांच्या पान्यानं माजी वांग्याची रोपं गेली."

आईचं तोंड उतरलं. साताऱ्याहून आल्यापासून सात वर्षं आम्ही शिरवणे गावातल्या याच खोलीत होतो.

मी त्या वर्षी, शहाण्णव साली, वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. झाले होते. दोघींची बोलाचाली चालू असताना मी वाफ्यात उकिडवी बसले. रोपं मेली नव्हती. खालची पानं धड होती. शेंड्याची मात्र अरुंद, वाटीसारखी वळलेली, देठ पिळलेले. साबणानं पानाच्या कडा करपतात, देठ असे पिळत नाहीत. आमच्या मोरीपासून लांबची ओळही तशीच होती. आणि मधलं गवत हिरवंगार! रुंद पानांना धरतं आणि गवताला सोडतं, असं एक तणनाशक असतं.

"काकी, तण मारायचं औषध टाकलंत?"

"मी कशाला टाकू? मावा पडलेला, त्याची दवा मारली."

"फवारायचा पंप कुठला?"

"घरचा. तू काय पोलीस हाईस?"

तीन करवंट्यांत माती भरून मी काकडी पेरली. दोन पानं फुटल्यावर पहिलीत साधं पाणी शिंपडलं, दुसरीत आईच्या भांड्यांचं, तिसरीत काकींचा पंप विसळून काढलेलं.

चौथ्या दिवशी दुसरीतल्या एका पानाची कड जरा तपकिरी झाली होती, एवढंच. तिसरीतली रोपं मान पिरगाळल्यासारखी वाकली होती.

काकींनी तिसरी करवंटी उचलली, वाफ्यातलं एक रोप उपटून तिच्याशेजारी धरलं आणि दोन्हींचे पिळलेले देठ ताडून पाहिले.

"तेजस! पंप तू नेलावतास ना?"

त्यांचा मुलगा बाहेर आला. "प्लॉटवरचं रान मारायला. पन धुतलावता मी. दोनदा."

"साबनानं?"

"पंपाला कोन साबन लावतंय, आये?"

पंप उचलून काकींनी आमच्या मोरीत आणून ठेवला.

"राहीबाई, भांड्यांचा साबन हाय का जरा?"

आई जागची हलली नाही. "आन खोलीचं काय?"

"खोलीला काय धाड भरलीय? आधी हा पंप घासा माज्यासंगं."

दोघी घासत बसल्या. किती धुतला म्हणजे काकडी सरळ राहील? मी चौथी करवंटी शोधायला उठले.