खलनायिकेचे दात

रुखमाबाई हसली की मंडपातली लेकरं आईच्या पदरात तोंड खुपसतात, हे झाडीपट्टीत कोणालाही विचारा. धान कापून झालं, शेतात नाटकाचा मंडप पडला आणि सुनेला छळायचा प्रवेश आला, की बाई कमरेवर हात ठेवून उभी राहायची. आधी पोटातून खदखदायची, आणि शेवटी श्वास आत ओढताना अशी बारीक शीळ निघायची, जसं चुलीत ओलं लाकूड सूंऽऽ करतं. अंगावर काटाच! तीस वर्षं सासू तिचीच. सुनेचं काम करणाऱ्या पोरी लग्न होऊन गेल्या, नव्या आल्या, त्याही गेल्या. सासू हलली नाही.

आणि अशा सासूला विक्कीनं एक दिवस खाटेवर झोपवायचं ठरवलं.

विक्की म्हणजे नाटक कंपनीचा नवा मालक. बापाच्या मागं कंपनी त्याच्याकडे आली. पोरगा वाईट नाही, पण बोलायच्या आधी मोबाईल पुढं करायची खोड. त्या दिवशी वडशाला रुखमाबाईच्या घरी आला, चहा पिताना उगाच छताकडे पाहत राहिला आणि शेवटी मोबाईल तिच्यासमोर धरला.

"बाई, राग नोका मानू. यंदा आपण नाटक मोबाईलवर पण टाकून राह्यलो. कॅमेरा तोंडाजवळ येते. हे पाहा."

रुखमाबाईनं पाहिलं. पडदाभर तिचंच हसतं तोंड. दात पिवळे, समोरचे झिजून जुन्या उलथण्यासारखे झालेले, एकाचा कोपरा सुपारीनं खाल्लेला, हिरड्या मागं सरकलेल्या. आणि मधल्या दोन दातांतली जन्माची फट आता चांगली ऐसपैस. बाईला स्वतःचीच लाज वाटली. साठी उलटली हे तिला ठाऊक होतं. ते इतकं जवळून कोणी दाखवलं नव्हतं.

"मंग?"

"मंग म्हटलं, सासू दिव्यानीले द्यावं. तुमच्यासाठी आजीचं काम काढलं ना! लय भारी आहे. खाटेवर पडून राहाचं, मधामधात खोकलाचं, अन् दुसऱ्या अंकात मरून जाचं."

दारात बसून आपला ऑर्गन पुसणारा गुलाबभाऊ, म्हणजे रुखमाबाईचा नवरा आणि कंपनीचा जुना वाजवणारा, हळूच म्हणाला, "बरं आहे वं. तिसऱ्या अंकात तू घरी जाले मोकळी."

"तुमी ऑर्गन पुसा!" बाई कडाडली आणि विक्कीकडे वळली. "दिव्यानी परवापरवा माही सून होती. तुह्या बापानं मले सासू केलं तवा तू पाळण्यात होता, बाबू. दात खराब दिसते ना? दात बदलवते. सासू नाई बदलत."

विक्कीनं डोकं खाजवलं. "बरं. तालमीत हसून दाखवा. जमलं त सासू तुमची. नाई त आजी. मले फ्लेक्स छापाचे आहेत, जास्त थांबता येत नाई."

"छाप तू. माहं नाव मोठ्या अक्षरात."

दुसऱ्याच दिवशी नवरा-बायको गाडीत बसून चंद्रपूरला पोचले. दातांची डॉक्टर रीना, बल्लारपूरची पोरगी. रुखमाबाईला पाहून ती खुर्चीवरून उठलीच. "अहो, तुम्ही त्या सासू ना? लहानपणी आजोळी तुमचं नाटक पाहिलं होतं. कितीतरी दिवस आईजवळून हलले नव्हते मी!"

बाईची छाती फुगली. इथंच अर्धे दात नवे झाले म्हणा ना.

डॉक्टरनं आरसा धरून समजावलं. "वय झालं की दाताचं वरचं पांढरं कवच झिजतं, आतला पिवळा भाग दिसायला लागतो. हिरड्या मागं हटतात, म्हणून दात लांबुळके दिसतात. नुसते साफ करून पांढरे करता येतात, पण तुमचे झिजले आहेत. तुटलेला कोपरा भरता येतो. नाहीतर समोरच्या दातांवर पातळ पापुद्रे चिकटवायचे, नखाएवढे. व्हिनियर म्हणतात."

"म्हंजे दाताचा मेकअपच की!" बाई खूश झाली. मेकअप म्हटल्यावर तिला शिकवणारा अजून जन्माला यायचा होता. डॉक्टरनं रंग निवडायची पट्टी काढली, खोट्या दातांची ओळ, मळकटापासून पांढऱ्याफेकापर्यंत. बाईचं बोट सरळ टोकाच्या दातावर.

"बाई, हा फार पांढरा होईल. तुमच्या चेहऱ्याला..."

"डाक्टर, तुमी कधी स्टेजची पावडर लावली का? जवळून पाह्यलं त भूत दिसते, दुरून पाह्यलं त राणी. शेवटच्या रांगेतल्याले दिसलं पाह्यजे. अन् ते फट पण बुजवा. लहानपणापासून पाहून राह्यली, कटाळा आला."

"फट ठेवायची का, विचार करा. काही लोकांची ती ओळख असते."

"माही ओळख माह्या पोटात आहे. हसू तिथूनच येते."

पण डॉक्टर शहाणी. पक्कं काही न करता तिनं दातांवर कच्चा थर चढवला. "हे वापरून बघा, बोलून बघा. पटलं तर पुढचं करू. नाही पटलं तर काढता येईल."

तालमीच्या दिवशी मंगल कार्यालयात रुखमाबाई शिरली ती हसतच. दिव्यानी सतरंजीवर संवाद पाठ करत बसली होती. तिनं वर पाहिलं, डोळे मिचकावले. "मावशी, आधी तुमचे दात आले, तुमी मागून!" सगळे फिदीफिदी हसले. बाईही हसली. पोरगी चेष्टा करणारच, तिचा हक्कच होता.

प्रवेश सुरू झाला. संवाद दणक्यात गेले. बाईनं दिव्यानीचा हात पिरगळला, पाटावर ढकललं, कमरेवर हात ठेवले आणि हसली. पोटातून खदखद आली, छातीत घुमली, वर चढली, श्वास आत ओढला आणि... काहीच नाही. हसू दारात अडकून मेलं. गुलाबभाऊची बोटं ऑर्गनवर उचललेली तशीच राहिली. कोपऱ्यात चहा ओतणाऱ्यानं मान वर केली नाही. बाईनं पुन्हा जोर लावला. पुन्हा तेच, शेजारीण पापड लाटताना हसते तसलं साधं हसू.

"बाई," विक्की अगदी मऊ आवाजात म्हणाला, आणि तो मऊपणाच बाईला जास्त लागला, "वयात होते असं. आवाज बसते. मी उद्याच चंद्रपूरले जाऊन राह्यलो, फ्लेक्स छापाले. सासूच्या फोटोत दिव्यानीच टाकतो."

रुखमाबाईला भीती वाटली होती, खरीखुरी. दात गेले तर दात बसवता येतात. पोटातलं हसूच म्हातारं झालं असेल तर त्याला कोणता डॉक्टर? घरी येऊन हातपाय न धुताच ती ओसरीत बसली.

"मी संपली काय हो?" तिनं विचारलं.

गुलाबभाऊ शेजारी टेकला. "संपली कशानं? पोट त तुह्यं तसंच गरजलं. पण वं, मी इतकी वर्सं शेवटचा सूर तुह्या शिळीवरून उचलतो. आज शीळच नाई वाजली. सूर कुठून उचलू? बोटं हवेतच."

"शीळ?" बाईनं जीभ दातांवर फिरवली. डावीकडून उजवीकडं सपाट भिंत. श्वास ओढून पाहिला. ज्या फटीतून वारा सुसाट शिरायचा ती फटच बंद. तिनं कपाळावर हात मारला. "अगं माय! म्या पैसे देऊन माहं वाद्यच बुजवून टाकलं!" आणि दुसऱ्या क्षणाला ती उठून उभी राहिली. "उठा. सकाळची गाडी धरू. तुमी पण चला. कान लागते तुमचा."

डॉक्टर रीनानं सगळं ऐकलं आणि कच्चा थर उतरवला. या वेळी रंग निवडताना बाईनं पट्टी डॉक्टरच्याच हातात दिली. "माह्या वयाचा द्या. पण धुतलेला." नवा थर चढला, तुटका कोपरा भरला गेला, झिजलेले दात पुन्हा सरळ झाले. मग मधली फट. डॉक्टर बारीक घासायची, बाई हसून पाहायची, आणि स्टुलावर बसलेला गुलाबभाऊ ऑर्गन लावावा तसा मान तिरपी करून ऐकायचा.

"जाड आहे सूर. अजून केसभर."

डॉक्टरनं घासलं.

"अजून थोडीशी. लय नोको, नाई त वारा फुसकन जाईन."

एवढ्यात बाहेरच्या खोलीत विक्की येऊन बसला. रुखमाबाईनंच त्याला फोन करून बोलावलं होतं, "छापाच्या आधी येऊन जा" म्हणून. त्यानं फ्लेक्सवाल्याला फोन लावून ठेवला होता, फक्त 'छाप' म्हणायचं बाकी. शेजारी गाल सुजलेला एक गडी कण्हत बसला होता.

आत डॉक्टरनं हात मागं घेतला. बाई खुर्चीवरून उतरली. कमरेवर हात ठेवले. पोटातून खदखद उठली, भिंतींवर आदळली, आणि शेवटी ती शीळ आली, सूंऽऽऽ, थेट कणा पोखरत जाणारी.

डॉक्टरच्या हातातलं औजार खाली पडलं. बाहेरचा सुजल्या गालाचा गडी चपला सोडून पायऱ्या उतरला, दातदुखी जागच्या जागी विसरून. विक्की उभा राहिला होता. कधी राहिला ते त्यालाच कळलं नाही. फोनमधून फ्लेक्सवाला ओरडत होता, "भाऊ, काय झालं? कोण मेलं?"

"कोणी नाई," विक्की म्हणाला. "फोटो बदलव. सासू रुखमाबाई. तोंड उघडं असलेला टाक, दात दिसले पाह्यजे."

दार उघडून रुखमाबाई बाहेर आली. मागं गुलाबभाऊ, डोळे पुसत, पण ऐटीत. बाईनं विक्कीच्या खांद्यावर हात ठेवला.

"अन् ते खाटेवरच्या आजीसाठी एखादी तरणी पोरगी पाह्य, बाबू. म्हातारी कराले काय, पावडरीचा डबा पुरते."