काचेवरचं कुंकू

रत्नागिरीच्या मच्छीमार संस्थेच्या कचेरीत त्या मंगळवारी एवढी गर्दी उसळली, की चपलांची रांग जिन्यापर्यंत गेली. साहेबांना भेटायला नव्हे हो, झेरॉक्स मशीनला भेटायला! अर्जाची रंगीत प्रत काढली, की फोटोतल्या माणसाच्या कपाळावर लालभडक टिकली उमटत होती. बाईच्या, बाप्याच्या, अगदी होडी हाकणाऱ्या दाढीवाल्या तांडेलाच्यासुद्धा.

मशीनला झेंडूचा हार होता आणि शेजारी विठू भगत ठाण मांडून बसला होता.

"यंत्रात आई उतरली हाय! तुमची शाई आटंल, आईचं कुंकू आटायचं न्हाय!" असं घुमत तो लोकांनी वाहिलेले नारळ मात्र झटपट पिशवीत भरत होता. आईला बहुधा नारळ आवडत नसावेत.

कारकून दर्शना कातावली होती. आठ दिवसांत तिने टोनर बदलला, रंग पुन्हा जुळवून पाहिले, दुरुस्तीवाल्याला चारदा फोन केले. तो "उद्या येतो" म्हणायचा आणि उगवायचा नाही. एरवी तिने हा तमाशा हसण्यावारी नेला असता. पण यमुनाबाई होती.

हर्णेच्या यमुनाबाईचा नवरा, सखाराम, नारळी पौर्णिमेनंतरच्या वादळात होडीसकट गेला. मदतीच्या अर्जाला नवरा बुडाल्याचा, तिच्या सहीचा कागद लागत होता. गेल्या आठवड्यात ती सही करायला आली, तेव्हा तिच्या अर्जाच्या प्रतीवरही टिकली उमटली. भगताने तिला बाजूला घेतलं. "तुजा धनी जिता हाय. सही केलीस तर तूच त्याला मारलास. मंगळसूत्राच्या वाट्या आईफुडं ठेव, सात मंगळवारात किनाऱ्याला लागंल."

आज ती वाट्या रुमालात बांधून घेऊन आली होती. तिचा चेहरा इतका उजळला होता, की दर्शना झटकन पुढे झाली.

"मावशी, गाठ सोडू नका. आधी हे बघा."

दर्शनाने संगणकावरून एक फोटो त्याच मशीनवर छापला. टिकली नाही! मग तिने कोरा कागद काचेवर ठेवून बटण दाबलं. पांढऱ्याशुभ्र प्रतीवर लाल टिकली!

"विठूदादा, कोऱ्या कागदाला कपाळ कुठलं हो?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

"छापताना नाही, प्रत काढताना आहे. म्हणजे दोष शाईत नाही, काचेवर आहे." तिने झाकण उघडलं. काचेच्या कडेला मोहरीएवढं कुंकू वाळून घट्ट चिकटलं होतं. "खंडेनवमीला आपण मशीनची पूजा केली, झाकण उघडं ठेवून. ताट माझ्याच हातात होतं. अर्जावर फोटोची चौकट एकाच जागी असते, म्हणून टिकली बरोबर कपाळावर येते. सातबाऱ्यावरही येत होती. ती कुणी पाहिली नाही, कारण तिथे पाहायचं कुणाला नव्हतं."

"आईची परीक्षा बघतेस?" भगत गरजला खरा, पण पिशवी उचलून जिन्याकडे सरकलाही.

दर्शनाने स्पिरिटचा बोळा काचेवर नेला. तेवढ्यात यमुनाबाईने तिचं मनगट धरलं.

"पुसू नको गो, बाय."

दर्शनाने बोळा काचेपासून वर उचलला.

"मावशी, हे राहिलं तर उद्या भगत दुसरीच्या वाट्या मागेल."

मनगट हळूहळू सुटलं. दर्शनाने काच पुसली. बोळा लाल झाला.

"म्हंजे ते येयाचे न्हायत?"

"मला ठाऊक नाही हो. पण या मशीनलाही ठाऊक नाही, आणि त्या भगतालाही. काचेवर असतं तेच कागदावर येतं. कुणी चमत्कार दाखवला, तर पाया पडण्याआधी झाकण उघडून बघा, एवढंच माझं सगळ्यांना सांगणं आहे."

यमुनाबाईचा अंगठा स्वतःच्या कपाळाकडे गेला. दर्शनाने तो घाईने धरला. "ते नको. काचेवरचा डाग होता, म्हणून पुसला. तुमचं कुंकू तुमचं आहे. ते पुसायला सांगायचा हक्क कुणालाच नाही."

यमुनाबाईने वाट्यांचा रुमाल कनवटीला खोचला.

"सही खंय करू?"

दर्शनाने बोटाने जागा दाखवली. तेवढंच तिच्या हातात होतं.