नवरीचा धोंडा

आमच्या वेशीबाहेर माणसाहून उंच काळा धोंडा आहे. सासरी निघालेल्या एका नवरीनं इथं मागं वळून माहेराकडं पाहिलं आणि ती जागच्या जागी दगड झाली, असं सांगतात. म्हणून गावातली लेक सासरी निघाली की गाडी इथं थांबवायची आणि मामानं उपरण्यानं तिचे डोळे झाकायचे. माझ्या सृष्टीचे माझ्याच भावानं, बन्सीनं झाकले होते.

काल ती सासरहून, देवळाली प्रवऱ्याहून, एकटीच एसटीनं आली. नवऱ्यानं पट्ट्यानं मारलं होतं. मी पाठीवरच्या वळांना हळद लावत होते आणि तिचा बाप बन्सीला फोन लावत होता. दवाखान्यात न्यायला नव्हे, पोरीला परत पोचवायला. बापाचं नाव राधाकृष्ण. नाव मी एरवी घेत नाही, आज घेते.

"संसारात व्हतंच आसं," तो म्हणाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी सकाळी दोघांनी तिला पिकअपमध्ये बसवलंच. मग मीही मागं हौद्यात चढले.

धोंड्यापाशी पिकअप थांबली. पोरीची पाठ सोलून निघाली होती आणि यांना रीत पाळायची होती. बन्सीनं उपरणं काढलं. मी खाली उतरले आणि ते त्याच्या हातातून हिसकावून घेतलं.

"अवदसा आठवली का तुला?" राधाकृष्ण ओरडला. "पोरगी मागं वळली तर दगड हुईल."

"हुऊ द्या," मी म्हणाले. "ती नवरी दगड झाली म्हून तर तिला कुनी सासरी नेऊ शकलं न्हाई. तिचा बी बाप आला आसंल, मामा आला आसंल. वढून वढून दमले आसतील. ती आजून हितंच हाय, माहेराकडं तोंड करून."

बन्सी उगाच चपलेनं माती उकरत राहिला.

सृष्टी गाडीतून उतरली. धोंड्याजवळ गेली, पाठ दुखत होती म्हणून नुसता खांदा टेकवला आणि गावाकडं तोंड करून खाली बसली.

"आबा," ती बापाला म्हणाली, "आता उचला मला."

मी उपरणं कमरेला खोचलं आणि तिच्या शेजारी बसले.