झाकणाचे दोन बोल्ट

नाताळची सकाळ, आमच्या दक्षिण गोलार्धात ऐन उन्हाळा, मरणाचा उकाडा, आणि आमचा स्विमिंग पूल शेवाळून हिरवागार. पंप नुसती हवा ओढत होता. दुपारी नणंद बेरिल जेवायला येणार होती. पोहायला मिळालं नसतं, तर तिनं वर्षभर टोमणे मारले असते.

आमच्या क्लाइव्हनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, पंपाचं झाकण गळाच्या दोऱ्यानं बांधलं होतं. त्याचा सगळ्यावर तोच इलाज.

"अगं, पंपच गेलाय."

"पंप नाही रे, झाकणाचे बोल्ट झिजलेत. सरक बाजूला."

गंजके बोल्ट काढून नवे बसवले, झाकण घट्ट आवळलं आणि बटण दाबलं. खोटं नाही सांगत, पंपानं अशी ओढ घेतली की शेजाऱ्यांच्याही पुलाचं पाणी हातभर खाली गेलं.

जेवणाआधी तळ लख्ख दिसायला लागला.

बेरिलनं वाकून पाहिलं. "ते काय चमकतंय?"

"क्लाइव्हची हरवलेली कवळी. मार उडी, तूच आण."