नवव्या धड्यातून काढलेला मजकूर

तीस वर्षं मी चर्चचे पाळक होऊ घातलेल्या मुलांना ईश्वरविज्ञान शिकवलं, आणि मंडळीतल्या एकाही म्हातारीला मी काय शिकवतो ते कधी कळलं नाही. याचा राग मला रिटायर झाल्यावर आला. आधी यायला हवा होता, पण तेव्हा वर्गात मान मिळत होता. सांगलीला घरी बसून मी ठरवलं, आपल्या मेथॉडिस्ट मंडळीची सगळी शिकवण वीस धड्यांत सांगायची. एक धडा, एक पान. पूर्वगामी कृपा, पवित्रीकरण असले दात पाडणारे शब्द हद्दपार.

धडा लिहिला की तो जतकडच्या एका खेड्यात बिराप्पाला पाठवायचो. तिथल्या पाळकसाहेबांकडे नऊ गावं, त्यामुळे बहुतेक रविवारी उपासना बिराप्पाच चालवतो. एरवी त्याची मेंढरं आणि दीड एकर ज्वारी. तो दोन-चार जणांना बसवून धडा वाचून दाखवायचा आणि फोनवर निकाल द्यायचा. माझ्या वयाची किंवा पदव्यांची त्याला अजिबात भीड नव्हती. "सर, दुसरा पॅरा काढा. लोकं पेंगाय लागत्यात."

नववा धडा कृपेतून पडण्याचा. विश्वासात आलेला माणूस देवाचा हात सोडूही शकतो, ही आमची शिकवण. त्याखाली मी लिहिलं होतं की हात सोडलेल्या माणसामागेही देवाची कृपा अखेरच्या घटकेपर्यंत चालत राहते. त्या घटकेला दोघांचं काय बोलणं झालं ते तिसऱ्याला कळत नाही, म्हणून कुणी कुणाचा निवाडा करू नये. बिराप्पा म्हणाला, "लय लांबलंय." मी ते काढलं. उरलं ते ठसठशीत वाक्य: 'ज्यानं हात सोडला, तो पडला.' मी स्वतःवर इतका खूश झालो की बायकोला ते दोनदा वाचून दाखवलं. मग पुस्तिका छापली, आणि बिराप्पाच्या गावी घरोघरी भरणाऱ्या घरसभेत आठवड्याला एक धडा वाचायला सुरुवात झाली.

मार्चमध्ये त्याच गावातल्या बनाबाईचा मुलगा अर्जुना काविळीनं गेला. तो विट्याच्या एका शेटकडे कोइमतूरला सोनं गाळायच्या दुकानात होता. सहा वर्षांत चर्चची पायरी चढला नव्हता. सुट्टीला आला, तरी घरात प्रार्थना सुरू झाली की उठून बाहेर जायचा.

आमच्याकडे दफनानंतरची घरसभा दुःखाच्या घरीच भरते. बिराप्पानं तिथं धडा वाचला. आठ झाले होते, म्हणून नववा. क्रम मोडू नका, एकही धडा गाळू नका, असं पहिल्याच पानावर मी ठळक अक्षरांत बजावलं होतं.

"निम्म्यात आलो आन् ध्यानात आलं, सर," फोनवर बिराप्पा रडत होता. "पर थांबू कसा? बनाअक्का समोरच बसली हुती. तवापास्नं ती चर्चात प्रभुभोजनाची भाकर घेत न्हाई. म्हणती, माझा ल्योक जिथं हाय तिथंच मला जायचंय. त्याच्याबिगार मला सर्ग नको."

मला बिराप्पाचा राग आला. एवढं साधं कळू नये? पाचेक मिनिटं मी जेवता जेवता तणतणलो. मग राग कुणाचा यायला हवा ते ध्यानात आलं आणि ताटावरून उठलो.

पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी पाळकसाहेबांना विचारून मी तिथं गेलो. उपासनेत उभं राहून काढलेला मजकूर तोंडी सांगितला, आणि तो मीच काढला हेही सांगितलं. बनाबाई आलेली नव्हती. आजाऱ्याच्या घरी नेतात तशी भाकर आणि प्याला ताटात घेऊन मी तिच्याकडे गेलो. ती उंबऱ्यात बसून लोकर पिंजत होती. मी तिला सगळं पुन्हा सांगितलं.

"मग हे पुस्तकात का न्हाई?"

"लांबत होतं म्हणून मी काढलं, बनाबाई. चूक माझी आहे."

"का मी रडती म्हणून आता घातलं व्हय?"

"नाही हो. हे आधीपासूनचं आहे. आपले लोक दोन-अडीचशे वर्षं हेच सांगत आलेत."

"लोकांचं ऱ्हाऊ द्या." तिनं लोकर खाली ठेवली. "तुमी सांगा. माझा अर्जुना देवाजवळ असंल, असं तुमाला वाटतं का?"

या प्रश्नावर मी तासच्या तास घेतले आहेत, पोरांचे पेपर तपासले आहेत. अर्जुनाबद्दल मात्र स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं. सांगलीहून जतपर्यंत सगळा रस्ता मी माझी चूक कशी मांडायची याचाच विचार करत आलो होतो. मला लाज वाटली.

"वाटतं," मी म्हणालो.

पण म्हणायच्या आधी थांबलो होतो. फार नाही, क्षणभर. आणि बनाबाई तेव्हा माझ्या तोंडाकडेच बघत होती.

"चा ठेवती," असं म्हणून ती उठून आत गेली. ताटातल्या भाकरीला तिनं हात लावला नाही; ताट मी तसंच परत चर्चमध्ये आणलं.