टोकाची शिवण

“चाचा, हे टोकाचं कापड तं जुनं हाय.”

भांडार सांभाळणाऱ्या लखीरामने विंडसॉक टेबलावर पसरला होता. रुंद तोंडाकडे कापड लखलखीत नारिंगी, पण निमुळत्या टोकाला वीतभर उन्हाने विटलेलं.

वाहिदने मान खाली घातली. “हो. जुन्या मोज्याचंच हाय.”

महायुद्धाच्या काळात विमानांच्या अडीअडचणीसाठी बांधलेल्या या धावपट्टीवर आता लष्कराचे शिकाऊ वैमानिक हेलिकॉप्टर उतरवायला शिकत. वारा कुठून येतो ते त्यांना खांबावरचा हा कापडी मोजा सांगे. आर्णीत शाळेचे गणवेश शिवणारा वाहिद तो पंचवीस वर्षं शिवत आला होता. मात्र टोकाची शिवण आतून, हातानेच घालावी लागे, आणि त्या अरुंद नळीत हात जायचा फक्त त्याच्या बायकोचा, गुलनारचा. सुई टोचू नये म्हणून बोटात अंगुस्तान चढवत ती म्हणायची, “सरका तिकडं. तुमचा हात हाय का फावडं?”

मागच्या पावसाळ्यात ती गेली.

या खेपेला वाहिदने दोनदा हात घालून पाहिला. मनगटाशी अडकला. शेवटी फाटून परत आलेल्या मोज्याचं टोक कापून त्याने नव्या कापडाला जोडलं. जोडण्याआधी दोन दिवस ते त्याच्या उशाशी होतं.

“पुरा नवाच पाह्यजे, असं कागदावर हाय,” लखीराम म्हणाला. “साहेबानं पाह्यलं तं मले बोलन. दुसरं कोणी नाही का शिवणारं?”

“बाजारातला साजिद टेलर हाय ना. पण तो बाहेरून शिवते. बाहेरची शिवण वाऱ्यानं उसवते.”

“अन् चाचीची जुनी शिवण टिकन?”

“ओढून पाहा.”

लखीरामने टेबलाला गुडघा लावला आणि दोन्ही हातांनी मोजा ताणला. टोक हललं नाही. करकरला तो मधला जोड.

“सुटन तं तुमचीच सुटन, चाचा.”

“तेच म्हणून राह्यलो,” वाहिद म्हणाला.

दोघेही थोडे हसले. मग लखीरामने ते विटलेलं कापड हलकेच हातात घेतलं. “चाचीच्या हातचं हाय तं घरीच ठेवाचं ना. इथं वर्षभरात चिंध्या होते याच्या.”

“घरात वारा कुठी हाय,” वाहिद म्हणाला.

लखीरामने वहीत ‘ठीक’ लिहिलं. “या वर्षी चालवून घेतो. पुढच्या साली नाही जमणार.”

“पुढच्या साली साजिदलेच सांगा.”

मोजा खांबावर चढला. आधी नुसताच लोंबत राहिला. मग तोंडात वारा शिरला, नारिंगी कापड फुगत गेलं आणि सगळ्यात शेवटी ते विटलेलं टोक सरळ झालं. माळापलीकडून आलेल्या हेलिकॉप्टरने वाऱ्याकडे तोंड वळवलं आणि ते खाली येऊ लागलं.

धुळीने डोळे मिटून घेत वाहिदने खिशातलं गुलनारचं अंगुस्तान काढलं, करंगळीवर चढवून पाहिलं. ते नखाच्या पुढे गेलं नाही.