सायबिणीपुढचं गाऱ्हाणं

'आमच्या बापा' म्हणताना मी एक ओळ गाळते, हे हरमलच्या आमच्या वाड्यावर सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे मूग गिळून बसले होते. दुसरी कुणी असती तर खपूनही गेलं असतं. पण मी पडले रेजिना, दर रविवारी इगर्जीच्या मागच्या खोलीत पोरांना दोतोर्न, म्हणजे ख्रिस्ती धर्माचे धडे, शिकवणारी. ज्या पोरांकडून मी ही प्रार्थना दटावून पाठ करून घेतली, त्यांच्यासमोरच 'तुजी खोशी' या ओळीपाशी आले की मी तोंड मिटून उभी राहायची. देवाची इच्छा स्वर्गात होते तशी पृथ्वीवर होवो, एवढंच त्या ओळीत मागणं. पोरं ती म्हणून पुढं जायची आणि पुढच्या ओळीला मी त्यांना गाठायची.

कारणही लपवण्यासारखं नाही. माझा नवरा इनास सप्टेंबरात समुद्रात बुडाला. मी तेव्हा सावंतवाडीला माहेरी होते, आईचं दुखणं काढायला. आदल्या संध्याकाळी त्यानं शेजारच्या दुकानात फोन करून मला सांगितलं होतं, "दर्या बरो ना. हांव जाळीं शिंवत बसतलों." आणि सकाळी तो होडी घेऊन गेला. का गेला, ते कुणालाच माहीत नव्हतं. होडी मांद्र्याच्या बाजूला पालथी सापडली, तो दुसऱ्या दिवशी. मातीला आलेल्या प्रत्येक माणसानं माझा हात हातात घेतला आणि एकच वाक्य उच्चारलं, "देवाची खोशी." माझा धाकटा दीर कायतान तर कितीतरी दिवस दुसरं काही बोलतच नव्हता.

मला राग आला. दुःख होतंच, पण आधी राग आला. जात नाही म्हणालेला माणूस उठून गेला आणि बुडाला, ती जर देवाची खोशी असेल, तर तीच पुन्हा होऊ दे म्हणून रोज संध्याकाळी मी का हात जोडू? वाटत नाही ते तोंडानं म्हणायचं म्हणजे खोटं बोलणं. मी देवाशी खोटं बोलत नाही. नवऱ्याशी कधी बोलले नाही, तिथं देवाशी काय बोलणार!

वर्ष असंच गेलं. पाऊस सरला आणि वाड्यावर सायबिणीचा फेरा सुरू झाला. सायबीण म्हणजे आमची मारियामाता. काचेच्या पेटीतली तिची मूर्ती दर संध्याकाळी एका घरातून पुढच्या घरी जाते. ज्याच्या घरी ती येते, त्या घरच्या माणसानं प्रार्थना सांगायची, बाकीच्यांनी मागून म्हणायची. मग लादीन, म्हणजे तिच्या नावांची आळवणी, गायचं, उकडलेले चणे वाटायचे, आणि दुसऱ्या संध्याकाळी त्याच माणसानं स्वतःच्या हातानं ती पेटी पुढच्या घरी नेऊन द्यायची. मधलं घर चुकवता येत नाही. माझ्यानंतरचं घर कायतानचं होतं.

म्हणजे मला प्रार्थना सांगायला हवी होती. ओळ गाळली तर मागचे सगळे अडखळणार. म्हटली तर मी खोटी. आणि दार लावून घेतलं, तर ज्या घरात इनासनं दर वर्षी स्वतः मेणबत्त्या लावल्या, त्या घरातून प्रार्थना कायमची उठणार. ते मला नको होतं. प्रार्थनेवाचून दिवस काढून पाहिला होता मी. जमलं नाही.

फादर आले ते याचसाठी. वयानं माझ्याहून लहान, पण चेहरा मोठ्या माणसाचा करून बसायची सवय. कदेलीवर नीट बसले आणि म्हणाले, "रेजिना, एक ओळ गाळून कशें चलतलें?"

"फादर, मातीच्या वेळी तुम्ही मला 'देवाची खोशी' म्हणालात. तुम्हाला ते कुणी सांगितलं?"

मला वाटलं, आता उपदेश येणार. पण ते म्हणाले, "कोणेंच ना. दुसरें कितें उलोवचें तें म्हाका कळ्ळें ना."

दुसरं काय बोलावं ते सुचलं नाही, हे कबूल करणारा हा माणूस इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा आवडला. मी उठून चहा ठेवला. चहा पिता पिता त्यांनी आपली गोष्ट सांगितली. त्यांची बहीण बाळंतपणात गेली, तेव्हा त्यांनी आईचं असंच सांत्वन केलं होतं, याच शब्दांनी. तेव्हापासून आई मिसाला येते, पण मुलाच्या हातून कुमगाराची पवित्र भाकर घेत नाही, पुढच्या गावच्या इगर्जीत जाऊन घेते.

"मग तुम्ही तिला विचारलं नाही?"

"भंय दिसता," फादर म्हणाले.

पाद्र्यालासुद्धा भीती वाटते हे ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण माझा पेच होता तिथंच राहिला. जाताना ते म्हणाले, तुला जमेल तसं कर, मी येऊन बसेन.

पेच सुटला तो यशोदेमुळे. यशोदा माझी शेजारीण, वेंगुर्ल्याकडची. तिचा नवरा शांताराम साखळीला खाणीवर ट्रक चालवायचा. सायबीण माझ्याकडे आली की अबोलीचा वळेसर यशोदाच करून आणते, लग्न होऊन इथं आल्यापासून. आम्ही दोघी बोलतो ती माहेरची मालवणी, आणि मालवणीत माणूस आडपडदा ठेवत नाही. त्या दुपारी ती ओसरीवर फुलं ओवत बसली होती आणि मी माझं रडगाणं लावलं होतं.

"तू देवाकडे रागावलंस, मग त्येका सांगलंस काय?" तिनं विचारलं.

"देवाक काय सांगाचा? त्येका सगळा कळता."

"कळता म्हणान सांगाचा नाय? घोवाक पण कळायचा, तरी तू दिसभर सांगीत ऱ्हवायचंस!" ती हसली, आणि मग हसू आवरून म्हणाली, "शांतारामाचो पाय गेलो तेव्हा मी गावाक गेलंय, रवळनाथाच्या फुडे. गावकारान गाऱ्हाणा घातल्यान, आणि मी फुडे उभी रवान इचारलंय, ह्यो ट्रक उलाटलो तेव्हा तू खय होतंस म्हणान."

"देव रागावलो नाय?"

"रागावलो तर रागावलो. पण गाऱ्हाण्यात देवाक खोटा सांगूक येणा नाय, रेजिनाबाय. सगळो गाव मागसून 'व्हय म्हाराजा' म्हणता. खोट्याक कोण व्हय म्हणतलो?"

शांतारामचा पाय काही परत आला नाही. पण यशोदा त्या दिवसापासून देवळात ताठ मानेनं उभी राहते, हे मी पाहत आले होते. लहानपणी सावंतवाडीत मीही पुष्कळ गाऱ्हाणी ऐकली होती, देवळाच्या बाहेर, चपला हातात धरून. ते त्यांचं, हे आमचं, असं तेव्हा वाटायचं.

संध्याकाळी सायबीण आली. मेजावर पांढरा कपडा, मेणबत्त्या, यशोदेचा वळेसर, सगळं इनास मांडायचा तसंच मांडलं. घर वाड्यावरच्या माणसांनी भरलेलं. फादर कोपऱ्यात, कायतान अगदी पुढे, मूर्तीच्या समोर. यशोदा दरवर्षीसारखी दारात उभी. मी गुडघ्यांवर बसले, खुर्साची खूण केली, आणि प्रार्थनेऐवजी उठून उभी राहिले.

"माये सायबिणी!" मी म्हटलं, आणि मालवणीतच म्हटलं. "आज तू माझ्या घरात इलंस. तुका फुलां घातली, वाती लावल्यो. आता माझा गाऱ्हाणा आयक. माझो घोव म्हणालो, जाणंय नाय, आणि सकाळी गेलो. सगळे सांगतत, देवाची खोशी. माये, तुझो झील खुर्सार मेलो तेव्हा तुका कोणी येवान असा सांगल्यान असता, तर तुका कसा वाटला असता? देवान माझ्या घोवाक नेल्यान, तर त्येणां माका तसा तोंडार सांगूक व्हया. आणि नेल्यान नसात, तर ह्या मरणावरचा त्येचा नाव पुसून टाक. माका खोटी प्रार्थना नको. आणि प्रार्थनेबगर माका जगाक येणा नाय. खरा काय ता भायर काढ गो माये!"

कुठल्यातरी म्हातारीनं "हें कितें?" म्हटलेलं ऐकू आलं. तेवढ्यात दारातून यशोदेचा खणखणीत आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

सायबिणीला म्हाराजा म्हणतात का, असला विचार करायला कुणाला उसंत नव्हती. कोपऱ्यातून फादरांनी "व्हय" म्हटलं. पाठोपाठ सगळा वाडा म्हणाला, म्हातारीसुद्धा. फादर म्हणाले, बायबलातली अर्धी स्तोत्रं अशीच आहेत, आपण फक्त गोड तेवढी गातो.

एकट्या कायतानचे ओठ मिटलेले होते. वर्षभर जो माणूस दुसरं वाक्य बोलला नाही, त्याला एवढा एक शब्द म्हणता येईना. मी त्याच्याकडे पाहिलं. तो मूर्तीकडे बघत होता.

"तें देवाचें न्हय, वयनी," तो म्हणाला. "तें म्हजें."

मग त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं. त्या दिवशी त्याच्या किनाऱ्यावरच्या नव्या शॅकचं, म्हणजे खानावळीचं, उद्घाटन होतं. म्हापशाहून बडे पाहुणे यायचे होते, आणि त्याला मोठी विसवण, म्हणजे सुरमई, हवी होती. इनास नाही म्हणाला, दर्या बरा नाही म्हणाला. कायताननं पहाटे येऊन पुन्हा विचारलं. इनास पुन्हा नाही म्हणाला. तेव्हा कायतान रापण ओढायला आलेल्या सगळ्या मच्छीमारांसमोर हसला आणि म्हणाला, बायल माहेरी गेली तरी तिला भितोस काय रे? इनासनं जाळं खाली टाकलं आणि होडी ढकलली. तिथं जे होते, त्यांनी ती थट्टा ऐकली होती, पण भाऊ भावाची करतो तशी एक थट्टा म्हणून कुणाच्या ध्यानात राहिली नव्हती.

बाजूला ठेवलेली चण्यांची वाटी उचलून मी त्याच्या डोक्यात घातली नाही, ती केवळ सायबीण समोर होती म्हणून. "मग वर्षभर देवाच्या नावावर कशाला घातलंस?"

"म्हज्या नांवार घालपाक भंय दिसलो."

फादरांनी पुढची प्रार्थना हाती घेतली, लादीन झालं, चणे वाटले, माणसं गेली. मी मूर्तीसमोर बसून राहिले, आणि मला कळलं की माझा राग घर बदलून गेलाय. देवावरचा उठला होता आणि कायतानवर जाऊन बसला होता. वर्षभर ज्याच्याशी अबोला धरला, त्यानं काही केलंच नव्हतं. उलट इनासच्या तोंडून दोनदा 'नाही' कुणी म्हटलं असेल? देवाची खोशी तीच असणार, जाऊ नको हीच. ती स्वर्गात होते. इथं हरमलात कायतानची झाली. म्हणूनच तर ती रोज मागायला लागते. एवढी साधी गोष्ट पोरांना शिकवता शिकवता मला कधी दिसली नव्हती. मी रडले, आणि रडताना इनासनंतर पहिल्यांदा मला मोकळं वाटलं.

दुसऱ्या दिवशी यशोदेनं विचारलं, "दिराकडे जातलंस?"

"सायबीण घेवन जातंय. दिराकडे नाय."

संध्याकाळी पेटी घेऊन निघाले. मागून सगळा वाडा मेणबत्त्या घेऊन. कायतान दारात उभा होता, हात पुढे करायला धजत नव्हता. मी म्हटलं, "दोन्ही हातांनी धर. माफ केलं म्हणून आले नाही. फेरा मोडू नये म्हणून आले." त्यानं मान हलवली आणि पेटी घेतली.

घर त्याचं, म्हणून प्रार्थना त्यानं सांगायची. 'आमच्या बापा' त्यानं सुरू केलं, आवाज खोल गेलेला. आणि त्या ओळीपाशी येऊन तो थांबला. माझी ओळ होती ती, वर्षभर मी जिथं तोंड मिटायची ती. आता त्याचं तोंड मिटलं होतं. सगळं घर खाली मान घालून वाट बघत होतं.

कुणीतरी म्हणायला हवी होती. मागायची तर मोठ्यानं मागावी, म्हणून मी मोठ्यानं म्हटली, "तुजी खोशी सर्गार जाता तशी संवसारांत जांव!" शेजारच्या घरात ऐकू गेलं असेल. दारात उभी राहून यशोदा "व्हय" म्हणाली, तेही ऐकलं. मग कायताननं डोळे पुसले आणि रोजची भाकरी मागणारी पुढची ओळ म्हटली.

पण त्या प्रार्थनेत तिच्यापुढं माफीची ओळ येते. आम्ही दुसऱ्यांना माफ करतो, तशी तू आम्हाला कर. ती आली तेव्हा कायतान पुन्हा थांबला, आणि या वेळी सगळं घर माझ्याकडे बघू लागलं. गाळता आली असती. ओळ गाळण्यात माझ्याइतकी तयार बाई अख्ख्या हरमलात नव्हती. मी मूर्तीकडे पाहिलं, मग दिराकडे पाहिलं. त्याचे कान इनाससारखेच आहेत.

ती ओळ मी हळू म्हटली, पण पूर्ण म्हटली. आणि मी देवाशी खोटं बोलत नाही.